स्टिकरखालची तारीख

"पिंपं! पिंपांशिवाय तराफा म्हणजे चाकांशिवाय सायकल!" भिंगरी अंगणात पाय आपटत म्हणाली.

"पण पिंपं आणायची कुठून? आणि तराफा बुडाला तर? आणि तळ्याची खोली कुणी मोजलीय का?" शंकासुरानं विचारलं.

"झालं याचं सुरू!" शेजारचा रेडिओ भिंतीवरून उडी मारत आत आला. "अरे, कोलंबस निघाला तेव्हा त्यानं समुद्राची खोली मोजली होती का?"

"मोजली असेल. तुला काय माहीत?"

भिंगरी सुट्टीला मामाकडे आली होती. दोन मिनिटं एका जागी बसणं तिला जमत नसे, म्हणून ती भिंगरी. शंकासुर हा तिचा मामेभाऊ. तो प्रश्न विचारायचा थांबला तर घरच्यांना वाटे, याला ताप आलाय! आणि रेडिओच्या पोटात तर काही राहायचंच नाही. त्यानं गल्लीच्या या टोकाला तोंड उघडलं, की त्या टोकाचे कावळे उडत. तळ्यावर तराफा सोडायचा बेत तिघांनी आखला होता खरा, पण सकाळपासून तो जमिनीवरच अडकून पडला होता.

तेवढ्यात शंकासुराची धाकटी बहीण नाचत नाचत आली. ती सहा वर्षांची. जे दिसेल ते सोलायचं आणि भलत्याच ठिकाणी चिकटवायचं हा तिचा उद्योग. म्हणून सगळे तिला चिकटी म्हणत. आत्ताही तिच्या कपाळावर एक आणि दोन्ही गालांवर एकेक पांढरा स्टिकर होता.

"बघा, बघा! मी दोनशे चाळीसची!"

"एवढी महाग?" रेडिओ म्हणाला. "आम्हाला नको बाई. दुसरं दुकान बघतो!"

सगळे खो खो हसले. पण कपाळावरचा आकडा वाचता वाचता भिंगरी थबकली. "चिकटे, हे कुठून सोललंस गं?"

"दुधाच्या डब्यांवरून. दुकानातल्या. एकपण फाटला नाही!" चिकटी ऐटीत म्हणाली.

"मेलो!" शंकासुरानं कपाळावर हात मारला. "आईनं पाहिलं तर आपली धडगत नाही. चल, परत चिकटवू."

घराच्या पुढच्या खोलीत मामीचं छोटं दुकान होतं. साबण, बिस्किटं, वह्या, बाळांच्या दुधाची पावडर, सगळं कसं ओळीनं मांडलेलं. मामी गिऱ्हाइकाला साखर मोजून देत होती. मुलं मांजराच्या पावलांनी मागच्या फळीशी गेली. भिंगरीनं चिकटीच्या कपाळावरचा स्टिकर काढला, डबा हातात घेतला आणि चिकटवणार तोच तिचा हात थांबला.

स्टिकर निघालेल्या जागी डब्यावर मुळातच काहीतरी छापलेलं होतं. कमाल किरकोळ किंमत. पण ती दोनशे चाळीस नव्हती. एकशे नव्वद होती!

"शंक्या, हे बघ. आत एकशे नव्वद, वर दोनशे चाळीस!"

"आणि खाली? खाली काय लिहिलंय?" शंकासुरानं मान पुढे घातली.

खाली लहान अक्षरांत तारीख होती. या तारखेपूर्वी वापरावे. भिंगरीनं ती दोनदा वाचली. ती तारीख कधीच उलटून गेली होती! आणि स्टिकरवर? स्टिकरवर पुढच्या वर्षीची तारीख होती.

त्यांनी फळीवरचा आणखी एक डबा सोलला. मग आणखी एक. तेच! बाळाचा हसरा चेहरा, खाली एक मोठा स्टिकर आणि त्या स्टिकरखाली झाकलेली जुनी किंमत नि जुनी तारीख.

"म्हणजे ही पावडर शिळी..." शंकासुर पुटपुटला.

रेडिओ काहीच बोलला नाही. तो बोलला नाही, म्हणून भिंगरीनं दचकून वर पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काल आईनं इथूनच डबा नेलाय," तो म्हणाला. "छकुलीसाठी."

छकुली म्हणजे त्याची चार महिन्यांची बहीण!

कोण आधी धावलं ते कुणालाच कळलं नाही. कुंपणाचं दार, तुळईसारखं आडवं पडलेलं शिडीचं लाकूड, वाळत घातलेल्या चादरी, सगळं पार करत चौघं रेडिओच्या स्वयंपाकघरात घुसली. छकुली भुकेनं टाहो फोडत होती. रेडिओच्या आईनं, म्हणजे काकूंनी, तिला एका कडेवर घेतलं होतं. ओट्यावर उकळून कोमट केलेलं पाणी होतं, नवा डबा उघडा होता आणि काकूंच्या हातातला चमचा पावडरीनं भरलेला होता.

"काकू, थांबा!" भिंगरी ओरडली. तिनं झेप घेऊन चमचा धरला. पावडर ओटाभर उधळली.

"अगं बाई! आग लागली का कुठं?"

"आई, नको देऊस! तारीख गेलीय! स्टिकर खोटा आहे!" रेडिओच्या आवाजानं भांडी थरथरली.

काकूंना आधी काही उमगेना. मग भिंगरीनं त्यांच्या डब्यावरचा स्टिकर नखानं सोलून दाखवला. काकूंनी ती तारीख वाचली आणि छकुलीला छातीशी घट्ट धरलं.

"आत्तापर्यंत जुना डबा पुरला म्हणून बरं," त्या कशाबशा म्हणाल्या. "देवासारखे धावून आलात रे पोरांनो."

जुन्या डब्याच्या तळाशी एका वेळेपुरती पावडर खरवडून निघाली. छकुली घटाघटा प्याली आणि जसं काही झालंच नाही अशी रेडिओचं नाक ओढू लागली.

दुकानात मात्र मुलांचं ऐकून मामीचा चेहरा उतरला होता. तिनं फळीवरचे सगळे डबे खाली काढले होते.

"माझ्या हातानं विकले मी," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "गिऱ्हाईक माझ्याकडे बघून माल नेतं, आणि मी स्टिकरखाली डोकावलेसुद्धा नाही!"

तिनं ताबडतोब घाऊक व्यापाऱ्याला फोन लावला. तिकडून हसण्याचा आवाज बाहेरपर्यंत ऐकू आला.

"वहिनी, किंमत वाढली. कंपनीनंच स्टिकर धाडलेत. तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? पटत नसेल तर माल दुसरीकडून घ्या!" आणि फोन बंद.

"मामी, अजून कुणी नेलाय का असा डबा?" भिंगरीनं विचारलं.

मामीनं डोळे मिटले. "एक रेडिओच्या घरी. आणि एक... मघाशी एक बाई आली होती. कडेवर बाळ, अंगावर पिवळी शाल. बस पकडायची म्हणून घाईत होती. देवा! ती कोण, कुठली, काही ठाऊक नाही मला."

मामीनं पदर खोचला. "मी स्टँडवर जाते. रेडिओ, तू चल माझ्याबरोबर, तुझ्या गळ्याचा आज उपयोग आहे. भिंगरी, तुम्ही तिघं हा डबा घेऊन वजनमापे कार्यालयात जा. बाजाराच्या टोकाला आहे, दुकानातल्या मालाच्या किमती तेच तपासतात. काय झालं ते जसंच्या तसं सांगा. माझं नाव लपवू नका. आणि त्या व्यापाऱ्याच्या वाटेला जायचं नाही, कळलं?"

कार्यालयात पंखा कुरकुरत होता. टेबलामागचे कारकून जेवणाचा डबा सोडायच्या तयारीत होते.

"निरीक्षकबाई फिरतीवर आहेत. जेवणानंतर या," ते म्हणाले. "आणि घरच्या मोठ्या माणसाला पाठवा. लहान मुलांची तक्रार घेत नसतात."

"मोठं म्हणजे किती मोठं?" शंकासुरानं विचारलं.

"म्हणजे... मोठं!"

"असं कुठे लिहिलंय? आणि शिळी पावडर प्यायलेलं बाळ जेवणानंतरपर्यंत थांबेल का?"

कारकुनांनी डब्याकडे नेलेला हात मागे घेतला. "फार बोलतोस रे! नुसता एक डबा आणून काय होतं? स्टिकर कुणी लावला कशावरून? तुझ्या आईनंच लावला असेल!"

शंकासुराचे कान लाल झाले. पहिल्यांदाच त्याला प्रश्न सुचेना. भिंगरी त्याचा हात धरून बाहेर आली. खरंच, लोक असंच म्हणाले तर? मामीनं प्रामाणिकपणे सांगायचं आणि चोर ठरायचं तिनंच?

"स्टिकर व्यापाऱ्याच्या गोदामात लागतात हे दाखवायला हवं," ती म्हणाली.

"पण आईनं सांगितलंय, त्याच्या वाटेला..."

"व्यापाऱ्याच्या वाटेला जायचं नाही. आपण रिकामी खोकी मागायला जातोय. तराफ्यासाठी!"

गोदाम बाजाराच्या मागच्या बाजूला होतं. दार सताड उघडं. आत साबणाचा आणि पोत्यांचा मिसळलेला वास. कानाला पेन अडकवलेला एक मॅनेजर फोनवर कुणाशी तरी हुज्जत घालत होता. त्याच्या टेबलावर एक लहानसं यंत्र कर्र कर्र करत स्टिकरांची लांबलचक पट्टी बाहेर ओकत होतं.

भिंगरीनं मान उंचावून पाहिलं. पांढरे स्टिकर! दोनशे चाळीस!

"काका, रिकामी खोकी द्याल? तराफा करायचाय," ती साळसूदपणे म्हणाली.

"पुठ्ठ्याचा तराफा? आणि पाण्यात?" मॅनेजर फोनवर हात ठेवून खदखदला. "अक्कल गहाण ठेवलीत की काय! न्या, न्या, कोपऱ्यातली न्या. आणि बुडालात तर माझं नाव सांगू नका!"

चिकटीला कोणी काही शिकवलं नव्हतं. शिकवायची गरजही नव्हती. पट्टी दिसताच तिचे डोळे लकाकले.

"मला एक! मला स्टिकर हवा!"

"चल, हो बाजूला. खेळणं नाहीये ते."

चिकटीनं तोंड उघडलं आणि असा काही गळा काढला, की हमाल पोती टाकून बघायला आले. फोनवरचा माणूसही तिकडून ओरडू लागला. मॅनेजरनं एका कानात बोट घातलं, वैतागून हातभर पट्टी टर्रकन फाडली आणि तिच्या हातात कोंबली.

"घे! आणि तोंड बंद कर, माझे आई!"

चिकटीचं रडं नळ बंद करावा तसं थांबलं.

"काका," शंकासुराला राहवेना, "ही तारीख पुढच्या वर्षीची कशी काय..."

भिंगरीनं त्याच्या पायावर पाय दिला. जोरात!

"काय म्हणाला तो?" मॅनेजरनं डोळे बारीक केले.

"तो म्हणतोय, पुढच्या वर्षीपण येऊ खोकी न्यायला!"

"येऊ नका! निघा!"

तिघं निघाली. शंकासुर एका पायावर लंगडत होता. चिकटीनं तिच्याएवढं खोकं डोक्यावर पालथं घातलं होतं. लांबून पाहिलं तर खोक्यालाच पाय फुटल्यासारखं दिसत होतं.

कार्यालयाशी एक स्कूटर नुकतीच थांबली होती. हेल्मेट काढणाऱ्या बाईंचा अंबाडा घट्ट होता आणि नजर त्याहून घट्ट. याच निरीक्षकबाई, हे भिंगरीनं ओळखलं. या वेळी तिनं कुणालाच मध्ये बोलू दिलं नाही. एका दमात सगळं सांगून टाकलं. छकुलीचं, मामीचं, यंत्राचं.

बाईंनी पट्टी आणि डब्यावरचा स्टिकर शेजारी शेजारी धरले. "हे पाहा. दोन्हींत शून्याला खालून चीर आहे. एकाच यंत्राची छपाई."

"पण बाई, किंमत वाढली तर स्टिकर लावायचा नाही का?" शंकासुरानं विचारलं.

"चांगला प्रश्न!" बाई म्हणाल्या. शंकासुराची छाती फुगली. "छापील कमाल किंमत म्हणजे छप्पर. त्याखाली कितीही स्वस्त विका, पण छप्पर फोडून वर जायचं नाही. छापलेल्या किमतीवर वाढीव किमतीचा स्टिकर लावायला मुळीच परवानगी नाही. किंमत कमी केली तर स्टिकर चालतो, पण तेव्हाही मूळ छपाई झाकायची नाही. आणि तारीख बदलणं हा तर सरळ बाळांच्या जिवाशी खेळ आहे!"

त्या कारकुनांकडे वळल्या. "चला."

"बाई, माझा जेवणाचा डबा..."

"तुमचा डबा थांबेल. दुधाचे डबे थांबणार नाहीत!"

गोदामाचं दार आता अर्धं बंद होतं. आत मॅनेजरशेजारी खुद्द घाऊक व्यापारी उभा होता. मामीच्या फोननं तो जागा झाला असावा. टेबल मोकळं होतं. यंत्र गायब! ज्या मांडणीवर दुधाचे डबे होते तीही रिकामी.

"या, या बाई!" व्यापारी तोंडभर हसला. "दुधाची पावडर? ती कधीच संपली हो. पोरांचं काय ऐकता? सुट्टीत त्यांना उद्योग नसतो."

निरीक्षकबाईंनी कोपरे पाहिले, पोत्यांमागे पाहिलं. काही नाही. कारकून घड्याळाकडे बघू लागले. भिंगरीला वाटलं, संपलं सगळं.

मागच्या दाराशी एक टेंपो उभा होता. दोन हमाल त्यात खोकी चढवत होते.

"ते काय आहे?" बाईंनी विचारलं.

"रिकामी खोकी! रद्दीत चाललीत."

"हळू रे, कंबर मोडली माझी!" एक हमाल कण्हला. दुसऱ्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या.

भिंगरी एकदम उसळली. "बाई! मघाशी असंच रिकामं खोकं एकट्या चिकटीनं डोक्यावर घालून नेलं! रिकाम्या खोक्याला दोन दोन माणसं कशाला लागतात?"

व्यापाऱ्याचं हसू जागच्या जागी वाळलं.

"खाली ठेवा ते," निरीक्षकबाई म्हणाल्या.

खोकं उघडलं. आत ओळीनं डबे, आणि डब्यांवर ओळीनं हसरी बाळं. दुसरं उघडलं. त्यात डब्यांच्या मधोमध कापडात गुंडाळलेलं ते यंत्र!

"हे मॅनेजरनं केलं! मला काही कल्पना नाही!" व्यापारी ओरडला.

"वा रे वा!" मॅनेजर उसळला. "पडून राहिलेला माल फुकट का घालवायचा, असं कोण म्हणालं? मी की तुम्ही?"

"अहो, तारीख थोडी पुढेमागे झाली म्हणून काय कुणी मरतं?" व्यापारी गुरगुरला.

"छकुली चार महिन्यांची आहे!" भिंगरी त्याच्यापुढे येत म्हणाली. "तिला वाचता येत नाही. तिच्यासाठी ती तारीख तुम्हीच वाचायची होती!"

हमालांनी माना खाली घातल्या. निरीक्षकबाईंनी माल जप्त केला, गोदामाला सील ठोकलं आणि कारकुनांना गावातल्या प्रत्येक दुकानात पिटाळलं. कारकून चक्क पळत गेले!

बाईंना घेऊन मुलं स्टँडवर पोचली तेव्हा ऊन उतरलं होतं. मामी नियंत्रकाच्या खिडकीशी बाकावर बसून होती. रेडिओनं ध्वनिक्षेपकावरून इतक्या वेळा हाक दिली होती, की आता त्याच्या घशातून नुसती हवा येत होती. पिवळ्या शालीची बाई दुपारच्या बसनं गेली होती एवढंच कळलं होतं. मामा बस चालवायचा. त्याच्यापर्यंत निरोप पोचला आणि त्यानं तो समोरून येणाऱ्या प्रत्येक बसच्या चालकाला खिडकीतून ओरडून सांगितला. त्यांनी पुढच्यांना सांगितला. पण उलट काही खबर आली नव्हती.

"गोदाम सापडलं, मामी! सगळे डबे सापडले!" भिंगरी म्हणाली.

"सगळे नाहीत गं," मामी हळूच म्हणाली. "एक राहिलाय."

बसेस येत होत्या, माणसं उतरत होती. कडेवर मूल असलेली बाई दिसली, की मामी अर्धी उठायची आणि परत बसायची. शेवटी मामाची बस आत शिरली. ती नीट थांबण्याआधीच मामानं खिडकीतून हात बाहेर काढला. त्याच्या हातात एक डबा होता!

"सापडली!" तो उतरत ओरडला. "तीन गावं पलीकडे, बहिणीच्या घरी उतरली होती. बाळ वाटभर झोपलं होतं, म्हणून डबा पिशवीतच होता. तिनं दुसरा ताजा मागवून घेतला आणि हा माझ्या हाती दिला."

मामीनं झाकण उघडलं. आतला चंदेरी कागद अखंड होता. एक सुरकुतीही नाही. ती त्यावर बोट फिरवत राहिली, आणि मग एकदम हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"माझ्यावर काय कारवाई करायची ती करा बाई," ती निरीक्षकबाईंना म्हणाली. "आता मला कशाची भीती नाही."

"तुम्ही स्वतःहून माल काढलात, स्वतःहून खबर दिलीत. कागदावर तसंच लिहीन," बाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी मात्र स्टिकर दिसला की आधी खाली काय आहे ते बघायचं. आणि ही पोरं! मोठ्यांच्या डोळ्यांसमोरून रोज गेलं ते यांनी पाहिलं. यांच्यासारखे आणखी चार निरीक्षक मिळाले तर मी सुखानं निवृत्त होईन!"

"आणि व्यापाऱ्याच्या वाटेला जायचं नाही असं कोण म्हणालं होतं?" मामीनं डोळे वटारायचा प्रयत्न केला. तो काही जमला नाही. मामानं शंकासुराच्या पाठीवर अशी थाप मारली, की तो दोन पावलं पुढे गेला. काकूही छकुलीला घेऊन आल्या होत्या. त्यांनी छकुलीला बाकावर टेकलेल्या भिंगरीच्या मांडीवर ठेवलं.

छकुलीचं पोट गच्च भरलेलं होतं. तिनं एक मोठी जांभई दिली, भिंगरीचं बोट मुठीत पकडलं आणि ती झोपून गेली. भोवती बसचे भोंगे वाजत होते, माणसं हाका मारत होती. पण भिंगरी हलली नाही. दोन मिनिटं झाली, पाच झाली, तरी ती तशीच बसून राहिली, त्या चिमुकल्या मुठीकडे बघत.